माळ्यावरची पेटी आणि हत्यारांवरचे ठसे

(श्री देव रवळनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. चौतीस वर्षे मुंबईला एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये काढली, तेथे बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय झाली. कीर्तनकार आणि प्राध्यापक मंडळींच्या मध्ये समितीने मला उभे केले आहे ते एका पेटीमुळे. ती येथे टेबलावर ठेवली आहे. पुष्कळांनी ती पाहिली आहे, काहींनी तिच्यावरून वादही घातला आहे. त्या वादाबद्दलच मला बोलायचे आहे. पण आधी थोडे कौलांबद्दल बोलतो.

जुने छप्पर उतरवले तेव्हा कौलांच्या राशी पारावर लागल्या होत्या. मुलांनी पालथी कौले वाचून पाहिली, त्यांवर इंग्रजीत ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ असे होते. एका मुलाने मला विचारले, “काका, हे देऊळ कॉमनवेल्थने बांधले काय?” सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा आपले ते छप्पर पहिल्या महायुद्धाच्या आधीचे असूच शकत नाही. त्या आधी काय होते, गवत होते की नळे होते, ते कौल सांगत नाही. पण जेवढे सांगते तेवढे पक्के सांगते. बनवणाऱ्याचा ठसा हा असा साक्षीदार आहे. थोडे बोलतो, पण खोटे सहसा बोलत नाही. खोटे बोलतो तो बहुधा वाचणारा.

आता पेटी. सभामंडपाचे छत उतरवताना गाभाऱ्याच्या बाजूच्या माळ्यावर, वटवाघळांच्या घाणीखाली ही सागवानी पेटी सापडली. आत एकोणीस हत्यारे. एक लाकडी रंधा, एक लोखंडी रंधा, दोन करवती, सात पटाशा, दोन वाकस, एक गिरमिट, तीन कानशी, एक हातोडा आणि एक मोगरी. सर्व गंजलेले. भंगारवाल्याने काटा लावला, लोखंड अकरा किलो भरले आणि पस्तीस रुपये किलोने भाव झाला. समितीने ते पैसे देवाच्या खात्यात जमा करावयाचे ठरवले होते, त्यात समितीचा काही दोष नाही. मी त्या दिवशी दर्शनाला आलो होतो. लोखंडी रंध्याच्या नाकाडावर मला ‘बेली’ ही अक्षरे दिसली, आणि मी टेम्पोसमोर उभा राहिलो.

मी तसा का उभा राहिलो ते सांगितले पाहिजे. माझे वडील सुतार नव्हते, पण घरापुरते काम करीत. त्यांच्याकडे एक पटाशी होती, तिला ते ‘बेलपानाची पटाशी’ म्हणत, कारण तिच्या पात्यावर बेलाच्या दळासारखी तीन पाने उमटवलेली होती. मी नुकताच अप्रेंटिस लागलो होतो. गणपतीला घरी आलो तो ती पटाशी मुंबईला घेऊन गेलो, सहाणेच्या मशीनवर धरली, आरशासारखी चकाकती केली आणि शिमग्याला मोठ्या ऐटीने वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी पाते उजेडाकडे करून पाहिले, अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाले, “पान गेलं.” पुढे ते वारल्यावर त्यांची सगळी हत्यारे मीच वजनावर विकली. काही वर्षांनी टूलरूममध्ये एका जुन्या पटाशीवर मी तीच तीन पाने पाहिली आणि तेव्हा मला कळले की ते बेलाचे पान नव्हे. इंग्लंडात शेफील्ड नावाचे गाव आहे, तेथील विल्यम मार्पल्स आणि सन्स या कारखान्याची ती खूण. कारखान्याचे नाव हिबर्निया वर्क्स. हिबर्निया म्हणजे आयर्लंड, आणि आयर्लंडची खूण तीन पानांची एक गवती वनस्पती. वडिलांची पटाशी खरोखर मार्पल्सची होती की कोणी त्यांची नक्कल केलेली, हे आता मला कोणीही सांगू शकणार नाही. मीच ते पुसून टाकले.

असो. शेफील्डचे नाव निघाले आहे तर दोन शब्द. हे गाव म्हणजे पोलादी हत्यारांची पंढरी. तेथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांची एक पेढी १६२४ साली कायद्याने स्थापन झाली, आणि प्रत्येक उस्तादाने आपली खूण त्या पेढीत नोंदवून मगच ती मालावर मारायची असा शिरस्ता पडला. पुष्कळांनी चित्रेच निवडली, कारण गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. हे आपल्याकडे चांगले लागू पडले. आपल्या सुतारांना इंग्रजी येत नव्हते, पण हत्ती येत होता, मासा येत होता, ऐरण येत होती. दुकानात जाऊन ‘हत्ती छाप करवत द्या’ म्हटले की झाले.

या पेटीतली मोठी करवत हत्ती छापच आहे. आपल्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला सांगितले की हत्ती आहे म्हणजे ती म्हैसूरची. त्यांचा तर्क वाईट नाही, पण हा हत्ती शेफील्डचाच. टायझॅक, सन्स आणि टर्नर नावाच्या कारखान्याची ती छाप. मासा पाहिला म्हणजे तो मालवणचा असे थोडेच आहे! तुमच्या घरी एखाद्या करवतीवर मासा आणि गळ असेल तर ती स्वीडनमधल्या सँडविकची. पटाशीवर दात काढलेला मोठा मासा, म्हणजे मुशी, असेल तर ती स्वीडनमधल्याच एस्किल्स्टुना गावच्या बर्ग यांची. ती पटाशी कोणी मागितली तर देऊ नका. तसली धार आता मिळत नाही.

आता ठसा वाचायचा कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण उद्या तुमच्यापैकी पुष्कळजण घरी जाऊन माळे शोधणार आहेत, आणि माझ्या हातून झाली ती चूक होऊ नये.

पहिली गोष्ट, पॉलिश पेपर आणि सहाण दूर ठेवा. हत्यार रॉकेलमध्ये एक रात्र भिजू द्या. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल किंवा शिवणयंत्राचे तेल चालेल. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासा आणि जाड फडक्याने पुसा. पटाशीवर ठसा बहुधा मुठीच्या खाली, पात्याच्या वरच्या अंगाला असतो. लाकडी रंध्यावर पुढच्या टोकाला, जेथे लाकडाचे रेषे कापलेले दिसतात तेथे. रंध्याच्या पात्यावर वरच्या बाजूला, पाचरीच्या मागे लपलेला. म्हणून पाचर काढल्याशिवाय ‘ठसा नाही’ असे म्हणू नये. काढताना पाचरीवर हातोडा घालू नका. रंध्याच्या मागच्या टोकाला मोगरीने टिचकी मारली की पाचर सैल होते.

ठसा दिसला पण वाचता येईना, तर खडूची पूड बोटाने चोळा आणि वरून पुसा; पूड अक्षरांच्या खळग्यात राहते. दिवसा उन्हात वाचण्यापेक्षा रात्री बॅटरी आडवी धरून वाचा; तिरप्या उजेडात खळग्याची सावली पडते आणि दिवसा न दिसलेले अक्षर उभे राहते. तिसरा उपाय मुलांना ठाऊक आहे. नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवतात तसे करावे. कागदाचा आणखी एक फायदा असा की तो चार लोकांना दाखवता येतो, हत्यार घरातून बाहेर जात नाही.

करवतीचे मात्र वेगळे आहे. पुष्कळ करवतींवर नाव ठोकलेले नसते, तेजाबाने कोरलेले असते. ते कागदाच्या जाडीएवढेही खोल नसते. गंजाखाली ते काळसर दिसते आणि दोनदा जोरात घासले की कायमचे जाते. तेथे सपाट लाकडाच्या ठोकळ्याला अगदी बारीक पाण्याचा कागद लावून, तेल घालून, एकाच दिशेने हळू हळू जावे. चमकत्या पात्यावर अक्षरे काळी उरली की थांबावे. थांबणे कठीण असते. मी अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट, जे वाचले ते सगळे नाव नसते. या पेटीतल्या चार पटाशांवर ‘कास्ट स्टील’ असे आहे. समितीच्या यादीत ‘कास्ट स्टील कंपनीच्या पटाशा, नग चार’ अशी नोंद झाली आहे, ती कृपया दुरुस्त करावी. कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून केलेले पोलाद. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाचा एक घड्याळजी होता. घड्याळाच्या कमानींना चांगले पोलाद मिळेना म्हणून त्याने १७४० च्या सुमारास बंद मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. तेव्हापासून चांगल्या मालावर हे शब्द येऊ लागले. ‘आमचा माल अस्सल आहे’ एवढाच त्यांचा अर्थ.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती मुंबईशी संबंधित आहे. मुशीतले पोलाद आपल्या देशाला नवे नव्हते. दक्षिणेत ते कित्येक शतके होत होते. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि पुढल्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले. आपल्या वाकसाला पाणी देणाऱ्या लोहाराला हे कोणी सांगितले नसेल, पण विलायतेतले पंडित आपल्या पोलादाची फोड करीत बसले होते हे खरे.

तसेच ‘वॉरंटेड’. लहान करवतीच्या मुठीत पितळी बिल्ला आहे, त्यावर गरुड आहे आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ असे आहे. हा बिल्ला अनेक कारखाने लावीत. त्यावरून कारखाना कळत नाही. टूलरूममध्ये एकदा एक सहकारी मला म्हणाला होता, ‘डी. आर. जी. एम. ही जर्मनीतली सर्वांत मोठी कंपनी, तिचा माल सगळीकडे दिसतो.’ ती कंपनी नव्हे. लहानसहान सुधारणांची जी सरकारी नोंद जर्मनीत १८९१ पासून होऊ लागली, तिची ती अक्षरे. पण पाहा, नाव न सांगणारी ही अक्षरे काळ मात्र सांगतात: वस्तू १८९१ च्या आधीची नाही. त्याचप्रमाणे, खोट्या छापांविरुद्ध इंग्लंडात १८८७ साली आणि आपल्याकडे १८८९ साली कायदे झाले, अमेरिकेनेही १८९१ पासून परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे ‘मेड इन’ असे शब्द दिसले की वस्तू बहुधा त्यानंतरची समजावी. चाकूवर मुकुट आणि दोन्ही बाजूंना ‘व्ही’ व ‘आर’ ही अक्षरे असली तर ते व्हिक्टोरिया राणीचे चिन्ह. राणी १९०१ साली वारली. आजोबांचा अडकित्ता आणि चाकू घरी गेल्यावर जरूर पाहा.

आणि तिसरी गोष्ट, ती सर्वांत महत्त्वाची. हत्यारावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक बनवणाऱ्याची, दुसरी वापरणाऱ्याची. बनवणाऱ्याची खूण सरळ, मधोमध, एका ठोक्यात उमटलेली. वापरणाऱ्याची कोठेही, कशीही, आणि बहुतेक वेळा दोन-तीनदा मारलेली, कारण कामाच्या जागी हत्यारे अदलाबदल होतात हे त्याला ठाऊक असते. या पेटीतल्या एका पटाशीवर ‘जी. आय. पी. आर.’ अशी अक्षरे आहेत. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जी १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. ही मालकाची खूण, बनवणाऱ्याची नव्हे. हसू नका मंडळी! रेल्वेची जुनी हत्यारे लिलावात निघत, आणि आपल्या गावचे कितीतरी लोक आगबोटीने मुंबईला जाऊन परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपांत राबले. पटाशी कशी आली याची चौकशी शंभर वर्षांनी नको.

आता वादाकडे येतो.

सभामंडपात संगमरवरी पाटी होती, ती आता दर्शनी भिंतीत पुन्हा बसवली आहे. तिच्यावर ‘छताचे काम शके १८३५’ असे आहे, म्हणजे सन १९१३, आणि खाली मुंबईच्या देणगीदाराचे नाव. सुताराचे नाव नाही. लहानपणापासून आपण ऐकत आलो की छत आणि खांब गोव्याहून आणलेल्या कारागिरांनी केले. सुतारवाडीचे लोक ऐकत आले की छत त्यांच्या वाडीतल्या माणसाने केले. हे बोलणे ते वाडीतच बोलत. देवळात बोललेले मी तरी ऐकले नाही. यंदा जीर्णोद्धाराच्या वर्गणीची बैठक झाली तेव्हा त्यांच्यापैकी एकाने भीत भीत विषय काढला आणि त्याला विचारण्यात आले, “पुरावा काय?” मी त्या बैठकीला होतो. गप्प बसलो होतो. मलाही गोव्याचेच खरे वाटत होते.

पेटी सापडल्यावर प्रत्येकाने आपापल्या बाजूने ओढली. एक पक्ष म्हणाला, विलायती हत्यारे आमच्या सुताराकडे कोठून येणार, पेटी गोव्याच्या कारागिरांची. दुसरा म्हणाला, पेटी आमची. समितीने मला निवाडा करावयास सांगितले. निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. ठसे काय म्हणतात तेवढे सांगतो.

पेटीचा काळ तिच्यातल्या सर्वांत जुन्या वस्तूवरून ठरत नाही, सर्वांत नव्या वस्तूवरून ठरतो. आजीचे पातेले नातीच्या स्वयंपाकघरात असतेच. या पेटीतला लाकडी रंधा बराच जुना आहे. त्याच्या पात्यावर ऐरण आणि फुली मारलेले हातोडे आहेत, ती शेफील्डच्या वॉर्ड आणि पेन यांची छाप. पण लोखंडी रंधा बोलका आहे. तो अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील स्टॅन्ले कंपनीचा. ‘बेली’ हे मूळ कल्पकाचे नाव. त्याचे हक्क स्टॅन्लेने १८६९ साली घेतले. पाते काढले की खाली बिडात ओतलेल्या तीन तारखा दिसतात: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. या पेटंटच्या तारखा आहेत, रंधा बनल्याच्या नव्हेत. इंग्रजी येणारे लोकसुद्धा येथे फसतात. पण तिन्ही तारखा एकत्र असलेले रंधे १९१० ते १९१८ या काळातले, हे जाणकारांनी ठरवलेले आहे. तेव्हा पेटी माळ्यावर ठेवली गेली ती १९१० नंतर. पाटीवरच्या १९१३ सालाशी याचा विरोध येत नाही. याहून जास्त मी या रंध्यावरून म्हणणार नाही. रंधा अमेरिकेचा, करवत शेफील्डची; यावरून सुतार कोठला ते ठरत नाही. मुंबईच्या बाजारात ही हत्यारे ज्याच्याजवळ पैसे असतील त्याला मिळत.

मग मी मालकाच्या खुणा शोधू लागलो. पोलादावर काही नव्हते. लाकडावर होत्या. लाकडी रंध्याच्या नाकाडावर, स्टॅन्लेच्या मागच्या मुठीवर, पाच पटाशांच्या मुठींवर आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एकच खूण आहे. वर एक चंद्रकोर आणि तिच्याखाली ‘ग’ आणि ‘बा’ ही दोन अक्षरे. चंद्रकोर कोरलेली नाही. गोल धारेची पटाशी उभी धरून एक ठोका मारला की अशी कोर आपोआप उठते. अक्षरे सरळ पटाशीच्या ठोक्यांची, म्हणून जरा ताठ आहेत. लाकडी रंध्यावर या खुणेखाली दुसऱ्या कोणाची इंग्रजी अक्षरे आहेत, म्हणजे रंधा जुन्या बाजारातला, दुसऱ्या हाती आलेला. मुठी बदलतात हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण पाच मुठी, रंधा आणि पेटी सगळ्यांवर तीच खूण असली तर ती पेटीच्या धन्याची मानायला हरकत नाही.

यानंतर मी उतरवलेल्या तुळयांकडे गेलो. त्या अजून धर्मशाळेच्या मागे रचलेल्या आहेत. तुळईच्या टोकांवर पटाशीने मारलेल्या रेघा आहेत. एक, दोन, तीन, फुली. त्या जोडखुणा. कोणते कूस कोणत्या खाचेत बसवायचे ते कळावे म्हणून सुतार मारतात, त्यांचा नावाशी संबंध नसतो. पण छताच्या मधल्या तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले होते, जेथे शंभर वर्षे कोणाची नजर पोचली नाही, तेथे चुना झाडल्यावर चंद्रकोर आणि खाली ‘ग’, ‘बा’ निघाले. मी पेटीतली पाऊण इंची गोल पटाशी नेऊन कोरीवर ठेवली. ती बसली. पाऊण इंची पटाशा जगात पुष्कळ आहेत, म्हणून हा पुरावा मी धरत नाही. पण अक्षरांचे वळण तेच आहे.

मी ही गोष्ट तीन दिवस कोणाला सांगितली नाही. चौथ्या दिवशी कागदावर घेतलेला ठसा घेऊन सुतारवाडीत गेलो आणि काही न सांगता, “असे काही घरात आहे का?” म्हणून घरोघर दाखवला. पुरुषमंडळींनी कागद उलटसुलट करून पाहिला. एका घरात पंच्याऐंशी वर्षांच्या आजी पडवीत बसल्या होत्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, उठून आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला लाकडी गुण्या घेऊन आल्या. पाळण्याच्या आडव्या वाशाला पाचर म्हणून तो घालत असत. त्याच्या आतल्या अंगाला चंद्रकोर, आणि खाली दोन अक्षरे. आजी म्हणाल्या, “हो आमच्या आजेसासऱ्यांचो. बघा, पन माका परत व्हयो.”

घरच्यांनी आजेसासऱ्यांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव सांगितले. दोन्हींची आद्याक्षरे जुळतात. ते नाव मी आज येथून घेत नाही. घरच्यांचे म्हणणे असे की आधी समितीने ठरवावे, मग नाव बोलावे. नाहीतर पुन्हा वाडीत हसे व्हायचे. ते बरोबरच आहे.

एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध गेली तीही सांगतो. पेटीच्या झाकणात गुण्या अडकवायची खाच आहे आणि ती रिकामी आहे. मला फार वाटले की हा गुण्या तिच्यात बसावा. बसला नाही. खाच मोठी आहे, गुण्या लहान. सुताराकडे दोन गुण्ये असतात, हे मलाही माहीत आहे. पण बसला असता तर बरे वाटले असते.

खांबांवर ही खूण कोठेही नाही. मी आठही खांब पायथ्यापासून पाहिले. खांब गोव्याच्या कारागिरांचे असे जुने लोक सांगतात, त्याच्या विरुद्ध काही निघालेले नाही. त्यांचे कोरीवकामही वेगळ्या हाताचे दिसते. म्हणजे लहानपणी दोन्हीकडे आपण ऐकले त्यातले अर्धे अर्धे खरे असण्याचा संभव आहे. छताच्या मधल्या तुळईवर मात्र आपल्या वाडीतल्या माणसाचा हात आहे, हे मी या देवासमोर सांगू शकतो. बैठकीत गप्प बसलो होतो, म्हणून येथे सांगतो.

राहिले दोन वाकस. त्यांच्यावर ना नाव ना अक्षर. दांडा घालायच्या भोकाजवळ तीन ठोके आहेत, एकावर उभे आणि दुसऱ्यावर आडवे. हे लोहारांचे काम. शेफील्डच्या कारागिरांच्या याद्या छापलेल्या आहेत, कोणीही उघडून पाहाव्या. आपल्या पंचक्रोशीतल्या लोहारांची यादी कोठेही नाही. ती आहे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. लोहारवाडीतली भट्टी बंद होऊन बरीच वर्षे झाली. तरी तेथल्या मंडळींनी कार्यक्रमानंतर हे दोन्ही वाकस हातात घेऊन पाहावे अशी विनंती आहे. तीन उभे ठोके कोणाच्या घरचे आणि तीन आडवे कोणाच्या, हे सांगणारा एक जरी माणूस निघाला तरी माझ्या यादीतल्या दोन रिकाम्या ओळी भरतील.

समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पेटी विकू नये, हे तर ठरलेच आहे. ती कोणाच्या ताब्यात राहावी हे समितीने आणि त्या घराने मिळून ठरवावे. माझ्या मते पहिला हक्क घराचा, आणि त्यांनी राजीखुशीने दिली तरच देवळात काचेच्या कपाटात ठेवावी. दुसरे, मधल्या तुळईचे खुणेचे टोक हातभर कापून जपावे. बाकीच्या तुळया जळणाच्या लिलावात निघणार आहेत, त्यांत ती चुकून जाऊ नये. मी तिला लाल फडके बांधले आहे. तिसरे, देणगीदारांच्या नव्या पाटीचा मजकूर अजून संगमरवरावर कोरलेला नाही. त्यात एक ओळ वाढली तर दगड वाढत नाही. देणगीदारांपैकी दोघांशी मी बोललो, दोघांचीही हरकत नाही. एकाने तर ओळ कोरण्याचा खर्च देऊ केला. नाव पक्के होईपर्यंत नुसती चंद्रकोर कोरली तरी चालेल असे मला वाटते.

उद्या आणि परवा सकाळी नऊ ते बारा मी धर्मशाळेत बसणार आहे. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे असतील त्यांनी ती आहेत तशी, गंजासकट आणावी. खडूची पूड, कागद आणि पेन्सिल माझ्याकडे आहे. आजींचा गुण्या आज रात्रीच मला परत नेऊन द्यायचा आहे. तोवर तो या टेबलावर आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी रांगेने पुढे यावे. हात मात्र पुसून घ्या.